शवपेटीतली सफरचंदं

५ फेब्रुवारी

मला पुढचा वसंत दिसणार नाही म्हणे! डॉक्टरने हे सांगितलं ते माझ्याच ताटातलं चौथं घावन उचलत. लोणी निथळत होतं बोटांवरून.

मरायचंच तर थाटात मरेन. माझ्या वखारीतला सगळ्यात जुना ओक कापून शवपेटी करून घेतली आहे. चांदीच्या कड्या, आत रेशीम. जळू देत शेजारपाजारचे!

७ फेब्रुवारी

काठी टेकत कोठारात गेलो, पेटी बघायला. झाकण उघडलं, तर आत सुकवलेली सफरचंदं! माझ्या रेशमावर! अंगाचा तिळपापड झाला. उस्तीन्याला हाक मारली. आमची मोलकरीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, मला अंगाखांद्यावर खेळवलेली. म्हणते, "रिकामी पेटी माणसाला बोलावते, मालक. भरलेली बरी. शिवाय आत उंदीर शिरत नाहीत."

उंदीर! मी मरतोय आणि हिला उंदरांची पडली आहे.

११ फेब्रुवारी, क्षमेचा रविवार

आज घरोघर सगळे एकमेकांच्या पाया पडून वर्षाच्या चुकांची माफी मागतात. उत्तर ठरलेलं: 'देव क्षमा करील, आणि मीही करतो.' मी आयुष्यभर पहिला अर्धाच म्हणत आलो. दुसरा जिवावर येतो. माणसं डोक्यावर बसतात मग.

उस्तीन्या कशीबशी गुडघ्यांवर बसली. "माफ करा, मालक. दर हिवाळ्यात त्या सफरचंदांतली पिशवीभर मी ग्लाफिराला पाठवते."

ग्लाफिरा! माझी एकुलती एक मुलगी. अकरा वर्षांपूर्वी एका भणंग शाळामास्तराशी लग्न करते म्हणाली, मी बर्फात बाहेर काढली. तिचं नाव या घरात घ्यायचं नाही अशी ताकीद आहे! हातातला कप फेकला. भिंतीवर फुटला.

"फोडा काय फोडायचं ते," म्हणाली, "पण पोरीला बोलावून घ्या. तुमच्याकडे वेळ कुठाय?"

"देव करील क्षमा!" मी ओरडलो. ती तशीच बसून राहिली, पुढचं ऐकायला. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

१४ फेब्रुवारी

उस्तीन्या गेली. चुलीशी बसल्या बसल्या.

आधी मी जाणार होतो! ही कोण मध्येच घुसणारी? थांबायचं तरी! तीन शब्द होते म्हणायचे, मेले घशातच राहिले. आज पहिल्यांदा माझाच राग येतोय, आणि तो काढायला समोर कुणी नाही.

ग्लाफिराकडे घसरगाडी पाठवली. निरोप एवढाच: उस्तीन्या गेली.

१६ फेब्रुवारी

उस्तीन्याला ओकाच्या पेटीत ठेवलं. पाद्री कुजबुजला, "मोलकरणीला चांदीच्या कड्या? लोक हसतील." म्हटलं, तुमच्या दाढीला आग लागो, हसू देत! मला साध्या पाइनच्या फळ्या चालतील. सफरचंदं माझ्या पलंगावर ओतायला लावली.

ग्लाफिरा आली. माझ्यासाठी नाही, उस्तीन्यासाठी. केस पिकायला लागलेत पोरीचे. दफनभूमीच्या फाटकाशी, साऱ्या गावादेखत, मी बर्फात गुडघे टेकले. "माफ कर, पोरी."

"देव क्षमा करील," म्हणाली.

मी थांबलो. पुढचं ती बोलली नाही. माझीच मुलगी!

१७ फेब्रुवारी

पलंगावरची थोडी सफरचंदं कमी झालीत. स्वयंपाकघरात कुणीतरी ती शिजवतंय. दाराशी ग्लाफिराचे बूट आहेत.