हत्तीखालची घागर

उदगीर, मंगळवार संध्याकाळ

लातूर नवा जिल्हा झाला, कचेरीत जागा निघाल्यात. दादा सकाळीच माझ्यासाठी नोकरीचा अर्ज ठेवून गेला. म्हणाला, "अशा दुष्काळात पोरांच्या गोष्टी लिहून काय होतंय?" मला रागच आला.

दुपारी दुसरीच्या वर्गाला नवी गोष्ट वाचून दाखवली. हत्ती ढगात सोंड घालून आंघोळ करतो, ती. शबाना ताडकन उठली. "बाई, हत्तीखाली घागर ठेवा की! लई पानी वाया जाऊन राहिलं." घागर ठेवल्याशिवाय वर्ग पुढं ऐकेना. गोष्टीत ठेवली. भरली, तशी म्हणाली, "आता दुसरी."

दादाला काय सांगू? घागर भरली म्हणून?

अर्जाच्या कोऱ्या पाठीवर गोष्ट पुन्हा लिहायला घेतलीय. हत्ती नंतर येईल. आधी घागर.