तुझ्या आईच्या लुगड्यांची गोधडी

सुमन,

आधी 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तो शब्द मी तुला कधी म्हटला नाही. आता तू नसताना म्हटला तर तूच हसशील. म्हणून नुसतं सुमन.

गेल्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध झालं. त्या दिवशी पंगतीत जे बोलणं निघालं, आणि मी जे बोललो नाही, त्यासाठी हे लिहितोय.

मंजू वाढत होती. भोकरहून आलेली माझी बहीण शांता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वहिनी हाताची लई गुणी व्हती. ह्या गल्लीतलं एक लेकरू न्हाई जे तिच्या दुपट्यात निजलं न्हाई. पण माझ्या भावासाठी वीस वर्षांत एक टाका घातला न्हाई तिनं. साधं बटण न्हाई!"

आणि आपल्या लेकीनं, मंजूनं, वरणाचं भांडं खाली टेकवलं. "खरंय आत्या. आई सगळ्यांची होती, पण बाबांवर तिनं अन्यायच केला."

बायकांनी माना डोलावल्या. सगळे माझ्याकडं दयेनं बघायला लागले. मी काय केलं असेल? मंजूला म्हणालो, "कढी आण."

तू असतीस तरी मी हेच केलं असतं, हे तुला माहीत आहे.

तुला ते वर्ष आठवतं? कसं विसरशील! लातूरच्या घरावर आपण वरचा मजला चढवत होतो. खाली दोनच खोल्या. दुपारी मी शाळेत गेलो की पुढच्या खोलीत तुझी गोधडी अंथरली जायची. शेजारच्या रझियाभाभी आणि आणखी दोघी-तिघी कडेला बसायच्या, आणि तुम्ही सगळ्या कडेपासून आत आत शिवत यायच्या. तुझं गाणं नाही, गप्पा नाहीत. ओठांत दोरा आणि सुई टोचू नये म्हणून बोटात ते पितळी अंगुस्तान. इतकी सुखी तू मला दुसऱ्या कुठल्याच वेळी दिसली नाहीस. तेच मला खुपायचं का? असेल.

एके दुपारी आमचे मुख्याध्यापक न सांगता माझ्याबरोबर घरी आले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. ते हसले. "गुरुजी, घरात चिंध्यांचं दुकान टाकलं का?" मीही हसलो. तू घाईघाईनं गोधडी गुंडाळलीस, चहा केलास, वरून पोहेसुद्धा केलेस. ते गेले. पण ते हसणं माझ्या अंगातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तू भाचीच्या लग्नाला माहेरी, मुरुडला गेलीस, चार दिवसांसाठी.

तेव्हा लातुरात पाण्याची बोंब होती. टँकर आठवड्यानं यायचा. खांब नवे ओतलेले, त्यांना ओल धरून ठेवायला मिस्त्री पोती गुंडाळायचा. तो म्हणाला, "गुरुजी, पोती कमी पडून राहिली. खांब वाळले तर तडे जातील."

मी आत गेलो आणि तुझी पेटी उघडली. सहा-सात गोधड्या होत्या. वरची देता आली असती. जुन्या चादरींची होती, तू तिला पायपुसणंच म्हणायचीस. पण मी हात खाली घातला. तुझ्या आईच्या लुगड्यांची गोधडी कुठं ठेवलेली आहे, ते मला माहीत होतं.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, तुलासुद्धा नाही. मी शोधून ती काढली, सुमन.

आठ महिने तू ती शिवत होतीस. आई गेल्यावर मुरुडहून आणलेली तिची सात लुगडी. टाका इतका बारीक, की उलट कुठली आणि सुलट कुठली ते कळू नये. शिवता शिवता एखादं ठिगळ उचलून नाकाला लावायचीस, आणि मी बघतोय हे कळलं की खाली ठेवायचीस.

मिस्त्रीसुद्धा दचकला. "गुरुजी, ही तर चांगली हाय की!"

"बांध," मी म्हणालो.

तू आलीस तेव्हा हातात लग्नातल्या लाडवांची पिशवी होती. फाटकातच थांबलीस. वर खांबाला सुतळीनं आवळलेली ती हिरवी-जांभळी गोधडी, तिच्यावरून सिमेंटचं पाणी ओघळत होतं. तू मिस्त्रीला विचारलंस. तो बिचारा खरं बोलला, "गुरुजींनीच दिली, बाई."

मग तू माझ्यासमोर आलीस. "तुम्ही दिली?"

"हाव, दिली. चिंध्याच व्हत्या."

मी वाट बघत होतो. तू रडशील, ओरडशील, मग मी मुख्याध्यापकांचं हसणं तुझ्या तोंडावर फेकीन. सगळी वाक्यं तयार होती.

"बरं," तू म्हणालीस, आणि आत गेलीस. माझ्या चहाची वेळ झाली होती. चहा केलास!

तीन दिवस तू ती गोधडी बादलीत भिजत घातलीस. आणि मी? "लोकांना प्यायाला पाणी न्हाई, आन तू चिंध्या धुऊन राहिलीस?" असं मी दारात उभा राहून, शेजारी ऐकतील असं म्हणालो. सिमेंट धाग्यांत मुरलेलं होतं. घडी घालायला गेलीस तर ती घडीवर कडकन मोडली. चौथ्या दिवशी तू स्वतःच्या हातानं तिचं गाठोडं कचऱ्याच्या गाडीत टाकलंस.

शांताला मी सांगितलं, मिस्त्रीनं चुकून घेतली. मंजू तेव्हा हॉस्टेलला होती, तिलाही तेच. तू दोन्ही वेळा स्वयंपाकघरातून ऐकत होतीस. एकदाही बाहेर येऊन बोलली नाहीस.

आठवडाभरानं शर्टाचं बटण तुटलं. नेहमीसारखा शर्ट तुझ्यापुढं टाकला. तू मान वर न करता म्हणालीस, "शिंप्याकडं द्या."

बस. पुढं वीस वर्षं माझ्या कपड्याला तुझी सुई लागली नाही.

बाकी सगळं केलंस. भाकरी तव्यावरून थेट ताटात. औषधं वेळेवर. माझे पाय दुखायचे तर न सांगता तेल. आणि शिवणंही थांबवलं नाहीस! आधी बहुतेक मी शाळेत गेल्यावर शिवायचीस, आता मुद्दाम माझ्यासमोर शिवायला लागलीस. दुपटी, झबली, कुंच्या, उशांचे अभ्रे, माहूरच्या देवीला जाणाऱ्या बायकांसाठी ओटीच्या पिशव्या. मंजूनं पहिल्या पगारातून मशीन आणलं तर म्हणालीस, "मशीन लई घाई करती गं," आणि त्याच्यावर लोणच्याची बरणी ठेवलीस. दूधवाल्याच्या नातीला गोधडी. भांडीवालीच्या लेकीला लग्नात गोधडी. मंजूला तर चार.

एकदा मला हिवताप आला. दात वाजत होते. मी म्हणालो, "एखादी गोधडी टाक अंगावर." तू दुकानातलं ब्लँकेट टाकलंस. मग दुसरं. मग शेजारून तिसरं मागून आणलंस. समोर खुर्चीवर तुझ्या गोधड्यांची छातीएवढी थप्पी होती. आणि मग माझे पाय चेपत बसलीस. अगं, हे कसं जमायचं तुला? त्यापेक्षा पाय चेपले नसतेस तर बरं!

मला वाटायचं, किती दिवस धरून ठेवील? एकदा तरी सोडून द्यायचंस. पण मी माफी मागितलीच कुठं? मागितली असती तर काय केलं असतंस? आता हा प्रश्न कुणाला विचारू?

मग तुला लकवा झाला. उजवा हात गेला. दवाखान्यातून घरी आणलं त्या सकाळी मी तुला काय म्हणालो, तेही लिहितो. मी म्हणालो, "सुटलीस बघ सुई-दोऱ्यातून."

तुला बोलता येत होतं. तू डाव्या हातानं चादर ओढून घेतलीस.

पंधरा दिवसांनी डाव्या हातानं सुरू केलंस. वेडेवाकडे, बोटबोट लांब टाके. रझियाभाभीच्या नव्या नातीसाठी दुपटं. एका हातानं सुई ओवता येईना. बराच वेळ झटलीस. आणि मग वीस वर्षांत पहिल्यांदा तू माझ्याकडं काहीतरी मागितलंस. "अहो, एवढी सुई ओवून देता का?"

मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "चष्मा न्हाई."

"बरं," तू म्हणालीस. तोच शब्द, तोच आवाज.

दारात रझियाभाभी उभी होती. ती म्हणाली, "गुरुजी, चष्मा तुमच्या नाकावरच हाय की."

त्या दिवसापासून ती रोज सकाळी यायची, दहा सुया ओवायची, तुझ्या उशीला टोचून जायची. माझ्याशी एक शब्द बोलायची नाही. दुपटं पुरं झालं आणि महिन्याभरात तू गेलीस.

वर्षश्राद्धानंतर मला अन्न गोड लागेना. काल सकाळच्या गाडीनं मंजूच्या घरी नांदेडला गेलो. मंजू मेथी निवडत होती. मी उभ्यानंच म्हणालो, "आजीच्या लुगड्यांची गोधडी मिस्त्रीनं घेतली नव्हती. मी दिली होती. मुद्दाम."

तिला आधी कळलंच नाही. मग तिचे हात थांबले. "आईला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग ती बोलली का नाही?"

तू मंजूसाठी गप्प बसलीस, तिच्या नजरेतून बाप उतरू नये म्हणून? मी वीस वर्षं तसंच समजत आलो, कारण ते मला सोयीचं होतं. की तुला सगळं माहीत असताना मला रोज तुझ्यासमोर तसंच बसवून ठेवायचं होतं? तेही माझ्या लायकीचंच होतं.

मंजू म्हणाली, "बाबा, मी शेवटच्या वेळी आले होते तेव्हा ती ते दुपटं शिवत होती. डाव्या हातानं. मी तिला म्हणाले, आई, लोकांसाठी मरत मरत शिवतेस, आता तरी बाबांसाठी एक शिव, एवढी दुष्ट होऊ नकोस. दुष्ट म्हणाले मी तिला! ती नुसती हसली. तेच आमचं शेवटचं बोलणं."

मला हे माहीत नव्हतं, सुमन.

"हे तुम्ही माझ्या तोंडून वदवलंत," मंजू म्हणाली. रडली नाही. तुझ्यावर गेली आहे. उठली, पोळी-भाजी वाढली. "जेवून जा. पण राहू नका. आणि मी बोलावल्याशिवाय येऊ नका." माझ्या पानासमोर बसली नाही. मी जेवलो. दुपारच्या गाडीनं परत आलो.

तुझ्या गोधड्या आज सकाळी रझियाभाभीच्या हवाली केल्या. कुणाला द्यायच्या ते तिला कळतं. तिनं घेतल्या, आणि दार लावून घेतलं.

मी तुझ्याकडं माफी मागत नाही. मागायची वेळ होती तेव्हा मी पेपर वाचत होतो.

एवढा शब्द देतो. रविवारी मी भोकरला जाणार. शांताच्या घरी, तिच्या सुना-लेकांसमोर, ती जेवढ्या मोठ्या आवाजात बोलली तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगणार. मुख्याध्यापक हसले म्हणून दिली, असं एकदाही म्हणणार नाही. शांता म्हणेल, "जाऊ दे दादा, मेलेल्या माणसाचं कशाला काढून राहिलास आता?" तरी मी शेवटपर्यंत सांगणार. आणि तिथून पुढं, ज्या ज्या घरी तुला कठोर म्हटलं गेलं, त्या प्रत्येक घरी जाणार. पाय चालतील तोवर.

विश्वनाथ