माईकशिवाय बोललो

माणगाव, रविवार संध्याकाळ

सुटलो एकदाचा! प्रज्ञाचं लग्न पार पडलं, आणि माझं भाषण... भाषण तरी कसलं! व्याही केरळचे, त्यांना मराठी कळत नाही. साखरपुड्यात माझं सभांमध्ये कमावलेल्या चढ्या आवाजातलं भाषण ऐकून विहीणबाईंनी प्रज्ञाला हळूच विचारलं होतं, "तुझे बाबा आमच्यावर चिडलेत का?" म्हणून या वेळी इंग्रजीत बोलायचं ठरवलं, आणि 'आनंद व्यक्त करतो' कसं म्हणायचं, या एका क्रियापदावर आठवडाभर अडलो. एक्सप्रेस म्हणू? त्यात मी एकटाच बोलणार, समोर कुणी असो वा नसो. कन्व्हे? तो तर दुसऱ्याचा निरोप पोचवणं झालं. शेवटी शेअर धरलं, वाटून घ्यायला समोर माणूस लागतोच.

पंचशील झालं, आणि लोकांनी सवयीने माईक माझ्यापुढे केला. प्रज्ञा कुजबुजली, "बाबा, ही सभा नाही हं!" माईक खाली ठेवला. विहीणबाईंसमोर जाऊन म्हणालो, "आय शेअर माय डॉटर विथ यू." आनंद म्हणायचं होतं, तोंडून मुलगीच निघाली!  

विहीणबाईंनी माझा हात धरला. "अँड वी शेअर अवर सन."

प्रज्ञा रडता रडता हसत होती. माईक कुणी कधी बंद केला, कळलंही नाही.