दर दहा मिनिटांनी एक प्रत

प्रिय बटण,

हे नाव वाचून तू आधी इकडेतिकडे बघशील, कुणाच्या नजरेला पडलं नाही ना म्हणून. परीक्षा विभागाच्या प्रमुखाला घरात बटण म्हणतात हे तुझ्या ऑफिसात कशाला कुणाला ठाऊक असेल! लिफ्टमध्ये शिरलास की सगळ्या मजल्यांची बटणं दाबून मोकळा व्हायचास. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचाच मुलगा लिफ्ट अडवून ठेवतो म्हणून लोक कुरकुरायचे आणि बाबा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, चाचणी चालू आहे. हे पत्र हातानं लिहितेय. अक्षर लागत नसेल तर चष्मा लाव, पण शेवटपर्यंत वाच. मधूनच बंद करू नकोस.

आधी घरच्या बातम्या. स्वयंपाकघरातला गळका नळ एकदाचा बदलला. माझा गुडघा तसाच आहे, वाचनालयाचे दोन जिने चढताना माझी परीक्षा बघतो. आणि बाबांची खोली आवरली. दोन वर्षं हात लावायचा धीर होत नव्हता. पलंग शेजाऱ्यांनी नेला, पान्ह्यांची पेटी मी ठेवून घेतली. राहता राहिला तो जुना कॉम्प्युटर. वाचनालयाला देऊन टाकावा म्हणून साफ करायला कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेऊन टाकला. बाई भारी चौकस. पुसण्याआधी सगळं उघडून बघतात.

तुला आठवत असेल, तो कॉम्प्युटर तूच बसवून दिला होतास. बाबांना पहिला झटका येऊन उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी ठरवलं की आपण सांगायचं आणि मी टाइप करायचं. आठवणी कसल्या, चाळीस वर्षांचं लिफ्टपुराण होतं ते. मला भीती, मध्येच वीज गेली तर? तू शेजारी खुर्ची ओढून बसलास आणि दाखवलंस, ही टिक केली की फाइल आपली आपणच सेव्ह होते. मी म्हटलं, दर मिनिटाला कर. तू हसलास, जुनं मशीन आहे ताई, दम लागेल त्याला, आणि दहा मिनिटं केलंस. तरी दर दहा मिनिटांनी स्क्रीन क्षणभर अडकायची आणि बाबांचं वाक्य मध्येच लटकायचं. मी वैतागून म्हणायचे, एक दिवस ही टिक काढूनच टाकणार आहे. हे मी तुझ्यादेखत कितीदा म्हटलं असेन!

बारा प्रकरणं झाली आणि तेराव्याच्या दिवशी सकाळी बाबा शिडीकाकांबद्दल सांगायला लागले. बावीस वर्षं सोबत काम केलेला त्यांचा जोडीदार, इतका उंच की स्टुलावर न चढता छतावरचा दिवा बदलायचा. आपण दोघं त्याच्या खांद्यावर बसून वाढलो. एका मंगळवारी सहा मजली इमारतीतल्या लिफ्टचा ब्रेक तपासायची पाळी बाबांची होती आणि बाबा गेलेच नाहीत. दिवसभर कामावर दिसले नव्हते, म्हणून स्वतःचं नाव सांगता येईना. संध्याकाळी ऑफिसात फोन करून कारकुनाला सांगितलं, शिडीनं तपासलं, लिहून टाक. उद्या सकाळी लवकर जाऊन बघू, असा विचार. सकाळी ती लिफ्ट दीड मजला खाली आली. आतल्या बाईंचा पाय मोडला. वहीत नाव शिडीकाकांचं, त्यामुळे नोकरी त्यांची गेली. काका आजही समजतात की कारकुनानं चुकून नाव घातलं. बाबांवर त्यांना साधा संशयसुद्धा आला नाही, आणि बाबांना तेच सहन होत नव्हतं. त्यांना हे प्रकरण छापून, डाव्या हातानं का होईना, खाली सही करून काकांच्या हातात द्यायचं होतं. बाकीच्या बारा प्रकरणांचं काहीही होवो, असं म्हणाले होते.

बाबा त्या मंगळवारी का गेले नाहीत, हे तुला मी सांगायला नको. कॉलेजातून बोलावणं आलं होतं. तू परीक्षेत कॉपी करताना सापडला होतास आणि बाबा प्राचार्यांच्या दारात तीन तास हात जोडून उभे होते. तेही त्यांनी त्या सकाळी सांगितलं आणि मी टाइप केलं. तू शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतास. तुला सगळं ऐकू जात असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुपारी मी औषधं आणायला गेले. परत आले तर तू दारातच. म्हणालास, ताई, मशीन मध्येच बंद पडलं होतं, फाइल बघ जरा, काहीतरी गडबड दिसतेय. बारा प्रकरणं जागच्या जागी, तेरावं नाही. तूच सेटिंग उघडून दाखवलंस, टिक निघालेली होती. किती मायेनं म्हणालास, "रागाच्या भरात तूच काढली असशील, ताई. होतं असं." आणि मला ते पटलं, अरे! मला माझं बोट ती टिक काढताना दिसायलासुद्धा लागलं. मी बाबांच्या पायाशी बसून रडले. ते म्हणाले, दोन दिवस जाऊ देत, पुन्हा सांगतो. तिसऱ्या दिवशी दुसरा झटका आला आणि वाचा गेली.

मी म्हटलं होतं, आठवेल तसं मी लिहून काढते. तू अडवलंस. ऐकीव गोष्टीला काय अर्थ, बाबांचे शब्द नाहीत, सही नाही, उगाच काकांची जुनी जखम कशाला उकरतेस. तेही पटलं. शेवटच्या आठवड्यात बाबांनी खुणेनं पाटी मागितली आणि डाव्या हातानं वाकडंतिकडं लिहिलं, "असू दे, ताई." मी न केलेल्या चुकीची माफी देऊन माझा बाप गेला, आणि तेव्हा तू त्यांची उशी सरळ करत होतास. मला दुसरं कशाचं एवढं लागलेलं नाही. खोटं बोललास, पुसलंस, हे एक वेळ गिळेन. पण ती पाटी वाचूनही तू उशीच सरळ करत राहिलास.

दुरुस्तीवाल्या बाईंनी मला बोलावून एक फोल्डर दाखवला. दर वेळी सेव्ह करताना मशीन एक वेगळी प्रतही तिथे ठेवत होतं. टिक काढली की पुढच्या प्रती होत नाहीत, आधीच्या मात्र तशाच राहतात. तू इतका हुशार, पण हे तुझ्या लक्षात आलं नाही. त्या दिवशीची दर दहा मिनिटांची एकेक प्रत तिथे ओळीनं होती, वेळेसकट. तीन वीसच्या प्रतीत तेरावं प्रकरण आहे. तीन तीसच्या प्रतीत नाही. त्यानंतर प्रतच नाही. औषधांच्या दुकानाची पावती माझ्या डब्यात अजून आहे, तिच्यावर तीन पंचवीस लिहिलंय. घरात तू होतास आणि पलंगावरून उठू न शकणारे बाबा.

आता मुद्द्याचं. तीन वीसची प्रत छापून सोबत ठेवली आहे. तू ती वाचलेली नाहीस हे मला पक्कं माहीत आहे, कारण वाचली असतीस तर प्रकरण पुसलं नसतंस. सकाळी सांगितलेलं तेवढंच तुझ्या कानावर पडलं. जेवणानंतर तू बाहेर चक्कर मारायला गेलास, तेव्हा बाबांनी मला हाक मारून एक वाक्य बदलायला लावलं. म्हणाले, "पोराचं काढ. चूक माझी आहे." दुसऱ्या पानावर बघ, कॉलेज नाही, कॉपी नाही, तू नाहीस. नुसतं लिहिलंय, 'त्या दिवशी मला घरचं काम निघालं.' रविवारी सकाळी अकराला मी हे घेऊन शिडीकाकांकडे जातेय. त्यांची नजर आता अधू झाली आहे, कुणीतरी वाचून दाखवावं लागेल. ते तू वाचावंस, म्हणून हे पत्र. घरचं काम कोणतं असं त्यांनी विचारलं, तर मी सांगणार नाही, बाबांनी काढायला लावलंय ते. पण एवढी दोन वर्षं हा कागद कुठे होता, असंही ते विचारतील. त्याचं उत्तर तू दे. तू आला नाहीस, तर मी देईन.

अजूनही तुझीच,
ताई