दीड की दोन

सोमवार, ९ ऑक्टोबर
शी! औषधांच्या काउंटरवरचा माऊस हातात घेतला आणि बोटं चिकटली. गोळीबजेचं, त्या मैद्याच्या भज्यांचं तेल! पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनवरच डकवलेली. आणि तिथं बसणाऱ्या त्या ललिताक्षीनं अपडेट एकेचाळीस वेळा पुढं ढकललंय! वर मलाच, "वारिजाक्का, आम्हाला कामं असतात हो!" मी काय माशा मारते?
हॉस्पिटलात कॉम्प्युटर एकशे ऐंशी. शुक्रवारी ट्रस्टी येणार, त्याआधी सगळ्यांवर हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन हवं — आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या बल्लाळ साहेबांचा हुकूम.

मंगळवार, १०
आधी पाचच मशीनवर टाकलं. बालविभागात सिस्टर फ्लेव्हींनी चार किलोच्या बाळाचं वजन भरलं. इंजेक्शनचा डोस जुनं व्हर्जन दोन मिली दाखवायचं, नवीन दीड दाखवतंय!
"अगं, एवढ्यानं लेकरू बरं कसं व्हायचं?"
साहेबांना सांगितलं. डोळे मोबाइलमध्येच. "चालू होतंय ना? मग टाका की!"
मी सॉफ्टवेअर कंपनीला कळवलं.

बुधवार, ११
कंपनीचं उत्तर नाही. साहेबांचे फोन तीन.

गुरुवार, १२
साहेबांनी सर्व्हरवरून सगळीकडे नवीन सोडून दिलं. स्वतः! तेही माझ्या लॉगिननं! उद्या काही झालं तर नाव माझंच. किळस आली. त्या सर्व्हरच्या खोलीचीसुद्धा.

शुक्रवार, १३
हार, फोटो, काजूची मिठाई. साहेब ट्रस्टींना सांगत होते, "रात्रंदिवस खपलो आम्ही!" माझ्या खांद्यावर हात ठेवला. नंतर ओढणी धुतली.
ते जेवायला गेले, आणि मी सगळीकडे जुनं व्हर्जन परत टाकलं. कुणालाही विचारलं नाही. फ्लेव्ही सिस्टरांनी मला जवळ घेतलं. "तू होतीस म्हणून गं पोरी."
घरी पोटभर जेवले. किती दिवसांनी!

शनिवार, १४
मेमो मिळाला. हसत सही केली.

सोमवार, १६
कंपनीचं पत्र आलं. दीडच बरोबर. नव्यात डोसचा तक्ता कंपनीच घालून देते. जुन्यात तो हॉस्पिटलनं हातानं भरायचा होता. पाच किलोच्या आतल्या बाळांची ओळ चुकीची भरलीय. चार वर्षांपूर्वी. खाली भरणाऱ्याचं नाव — माझं.
नवीन पुन्हा टाकलं, सगळ्या एकशे ऐंशींवर. मग फ्लेव्ही सिस्टरांकडे गेले. म्हटलं, त्या बाळांची चार वर्षांची रजिस्टरं काढा.