आधी त्याचं नाव

१० मे

आले बाई एकदाची समुद्राकाठी! माझी नात मिर्तो इथल्या शाळेत शिकवते, आता तिच्याकडेच राहायचं. डोंगरातल्या घराला कुलूप लावलं, कोंबड्या शेजारणीला दिल्या आणि लांब्रोसचा फोटो मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. नऊ वर्षं झाली माझ्या नवऱ्याला जाऊन. पण त्याला खिडकीच लागायची, म्हणून फोटो खिडकीकडे तोंड करून धरला. शेजारच्या बाईला हसू आवरेना. हसू दे.

वही मिर्तोनं दिली. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत तिनंच मला अक्षरं शिकवली. म्हणाली, आजी, रोज चार ओळी लिही, नाहीतर विसरशील. चारच कशाला गं?

समोर गारुफलिया आणि झाफिरो या बहिणी राहतात. दोघी विधवा, दिवसभर भांडतात. मी पिशव्या टेकवते न टेकवते तोच बशीत मुरंबा घेऊन हजर. गारुफलिया म्हणाली, असिमीना, रविवारी तुला बेटावर नेतो. झाफिरो म्हणाली, हिला नेऊ, तुला नको, बोट बुडायची! मला तर मैत्रिणी मिळाल्या.

१२ मे, रविवार

जन्मात पहिल्यांदा बोटीत बसले! लाटा आल्या की मी ओरडायची आणि त्या दोघी खिदळायच्या. बेट केवढंसं, पण त्यावर अख्खा किल्ला. तोफेच्या तोंडात चिमणीचं घरटं. कोण कुणाशी लढलं ते गारुफलियानं सांगितलं, पण तेव्हा मी अंडी सोलत होते. चीजची पोळी, ऑलिव्ह, अंडी, सगळं भिंतीच्या सावलीत खाल्लं. मीठ विसरले होते. झाफिरो म्हणाली, समुद्रात बुडवून खा.

मग तिथल्या चिमुकल्या चर्चमध्ये गेलो. पाद्रीबाबा बेटावर कधीमधीच प्रार्थनेला येतात, आज आलेले, आता थेट वीस जूनला. बोटही तेव्हाच. दारात नावांच्या चिठ्ठ्या होत्या. आपण नावं लिहून द्यायची, ते देवापुढे वाचतात. गावाकडे मी नुसती सांगायची, लिहायचा दुसराच कुणी. आज म्हटलं, मी लिहिणार! चष्मा बोटीत राहिलेला. कागदावर दोन रकाने, उजव्यावर सुरेख क्रूस काढलेला. वर बारीक काहीतरी छापलं होतं, ते काही लागेना. म्हटलं, एक नवऱ्याचा, एक बायकोचा. डावीकडे लिहिलं लांब्रोस. आधी त्याचंच, चव्वेचाळीस वर्षं ताटही त्याचंच आधी वाढलं. क्रूसाखाली माझं. पाद्रीबाबांच्या तोंडून माझं नाव ऐकलं, मी लिहिलेलं! अंगावर काटा आला आनंदानं.

परतताना दोघी एकदाही भांडल्या नाहीत. गारुफलिया डोळे पुसत होती. नावाड्यानं त्यांना हात देऊन उतरवलं, मला नाही. दमला असेल बिचारा.

१४ मे

मिर्तोवर शाळेचं ओझं दिसतंय. दोनदा विचारलं काय शिजवू, उत्तर नाही. काळे कपडे का घातलेत तेही सांगेना. पाववाल्यानं माझ्या मागच्याला पाव दिला, मग त्याच्या मागच्याला. मी रिकाम्या हातानं आले.

गारुफलिया गहू शिजवत होती, साखर आणि डाळिंबाचे दाणे घालून. तो तर माणूस गेलं की करतात. तिसऱ्या दिवशी, नवव्या, मग चाळिसाव्या. कोण गेलं गं, विचारलं. ती माझ्या बाजूनं निघून गेली. अंगणात एकटीच उभी राहिले. रागावल्यात का माझ्यावर? मिठाचं मनाला लागलं की काय?

घरी मोरीत कॉफीचा कप होता. तळाशी जाड, कडू गाळ. मिर्तो कॉफी पीत नाही.

१८ मे

खोलीत लांब्रोस बसलाय.

अक्षर वाईट येतंय. स्वप्न नाही. तोच, मफलर गुंडाळलेला, खिडकीशी खुर्ची ओढून. मिर्तो त्याला म्हणाली, आजोबा, दोन घास तरी खा. मी पायाशी बसले, गुडघ्यावर डोकं ठेवलं, हसले, रडले. त्यानं गुडघा चोळला. म्हणाला, गार वारा आलाय.

भिंतीवर फोटो आहे. त्याचा नाही.

२० मे

नववा दिवस. गव्हाचं ताट आलं. वर चंदेरी गोळ्यांनी नाव. मी वाचलं. असिमीना.

मिर्तो चिठ्ठी लिहीत होती. लांब्रोसनं विचारलं, कुठं लिहितेस तिला? ती म्हणाली, डावीकडे जिवंत माणसं, आजोबा. क्रूसाखाली गेलेली.

क्रूसाखाली. मीच लिहिलं. माझ्या हातानं—

४ जून

कुणी बोलत नाही. दिवसभर मीच बोलते. झाफिरोच्या दारात जाऊन विनोद सांगितला. तिनं दार लावलं.

लांब्रोस माझा फोटो मांडीवर घेऊन बसतो. खिडकीकडे तोंड करून. माझ्यासाठी रडतो. मी इथंच आहे रे. इथं—

१९ जून

उद्या चाळिसावा. तोवर जीव घरात रेंगाळतो म्हणतात. मग नाही.

बेटावर जायचं. उद्या नवी चिठ्ठी. मी डावीकडे, तो उजवीकडे, की सगळं पहिल्यासारखं. मिर्तो मला हाक मारेल. पण त्याला पुन्हा मी— माझ्या हातानं? नऊ वर्षं ती खुर्ची रिकामी बघितली.

थांबा. दोघंही डावीकडे लिहिली तर? एकाच रकान्यात! कोण नको म्हणतंय? एवढं कसं सुचलं नाही मला!

२० जून

बोटीत जागा कुणी दिली नाही. झाफिरो माझ्या मांडीवरच बसली. थंडी वाजते म्हणाली.

चिठ्ठ्या संपल्यात. वहीचं पान फाडून देईन. चष्मा आहे. पेन्सिल आहे.

पाद्रीबाबा वाचायला लागले. गारुफलियाची चिठ्ठी— क्रूसाखालची नावं— माझं येईल आता— बोटं दिसत नाहीत नीट— लवकर—

जिवंत

लांब्रोस

अरे देवा, आधी त्याचंच— सवय— आता माझं—

असि