पालक सोबत असल्यासच

प्रिय ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठही अंगं आता एकाच वेळी जमिनीला टेकत नाहीत, तेव्हा तूर्तास शिर आणि दोन हात पोचले असं समज. गुडघे सवडीनं पाठवीन.)

काल दाराशी बसून बूट पुसत होते आणि एकदम आपल्या कॉन्व्हेंट शाळेच्या पायऱ्यांजवळचं ते लांबलचक बाक आठवलं. शाळा सुटल्यावर बाबा न्यायला येईपर्यंत आपण तिथे बसायचो. तू डब्यातला उरलेला पाव बाहेर काढायचीस आणि रखवालदाराचा तो कुत्रा, जसं काही त्यालाच भेटायला आपण शाळेत येतो, अशा ऐटीत यायचा. तो आला की मी बुटांसकट बाकावर. मग सिस्टर बाहेर यायच्या. कुत्र्याला काही बोलायच्या नाहीत, तुला काही बोलायच्या नाहीत, मला मात्र बुटांवरून बोलायच्या, आणि शनिवारी तेच बाक मेण लावून पुसायची शिक्षा मला. तू शेजारी उभी राहून कुठे डाग राहिलाय ते दाखवायचीस आणि त्याला मदत म्हणायचीस. ताई, आपण जिला शिक्षा म्हणत होतो तिला हल्ली स्वयंसेवा म्हणतात, आणि ती करायला मिळावी म्हणून मुलं अर्ज करतात. हे मला कळलं तेव्हा हातातला चहा हातातच राहिला. त्यावर साय धरली तेव्हा मी भानावर आले.

भाऊजींचा खांदा कसा आहे? हात वर जातो का, की फळीवरचे डबे अजून तूच काढतेस? तुझी झोप? माझी तब्येत उत्तम आहे, निदान उद्या सकाळपर्यंत तरी. उद्याचं पुढे सांगते. आधी धक्के क्रमानं घे, मीही तसेच घेतले.

आमची मुंगी, म्हणजे माझी नात (हे नाव तुझंच, रांगायची तेव्हा स्वतःपेक्षा मोठी वस्तू ओढत न्यायची म्हणून तू ठेवलंस), आता अकरावीत आहे आणि तिला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय. शाळेतल्या मार्गदर्शक बाईंनी तिला सांगितलं की पुढच्या प्रवेशाला नुसते मार्क पुरत नाहीत, या सुट्टीत कुठेतरी प्राण्यांबरोबर प्रत्यक्ष काम केलेलं दिसलं पाहिजे. त्याला इंटर्नशिप म्हणतात. त्यात पगार नसतो. मी म्हटलं, मग काय अडचण आहे, फुकट राबणाऱ्याला कोण नाही म्हणतं. ताई, सगळे नाही म्हणतात. पोरीनं दिसेल त्या दवाखान्याला ईमेल केली, उत्तर एकाचंही नाही. आपल्या वेळी निदान नकार तरी पोस्टानं घरी यायचा.

त्यात माझ्या चिरंजीवांनी फर्मान काढलं. तुला ठाऊकच आहे, तो कर सल्लागार आहे आणि घरातही तसंच बोलतो. महिनाअखेरपर्यंत काही जमलं नाही तर मुंगीनं सुट्टीभर त्याच्या ऑफिसात बसून पावत्या लावायच्या, जून लागला की विषय बदलून कॉमर्स घ्यायचं, आणि प्राण्यांची हौस घरी भागवायची. (घरी ती भागत नाही, कारण घरी मी आहे. मी असताना या घरात गोगलगाईपेक्षा वेगानं चालणारं काही आलेलं नाही.) मुंगी जेवताना नुसती काट्यानं बटाटा इकडून तिकडे ढकलत राहिली. दुसऱ्या दिवशी पाहते तर तिनं भिंतीवरचं घोड्याच्या सांगाड्याचं चित्र काढून गुंडाळून ठेवलेलं. ते चित्र मला कधी आवडलं नव्हतं, पण रिकामी भिंत बघवेना. मुलगा आणि सून दोघंही दिवसभर कामावर, तेव्हा मी म्हटलं, ईमेल पुरे झाली, चल, दारोदार जाऊ. सोबतीला मी आहे.

पहिलं दार एका प्राण्यांच्या डॉक्टरांचं. कोपऱ्यावरचा काचेच्या दाराचा दवाखाना, आत औषधाचा आणि ओल्या केसांचा वास. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले, कारण समोर टोपलीत काहीतरी श्वास घेत होतं. डॉक्टर तरुण, दाढी कातरलेली, बोलणं मोजकं. त्यांनी मुंगीला विचारलं, अनुभव काय आहे? ती म्हणाली, अनुभव नाही, तोच घ्यायला आलेय. ते म्हणाले, अनुभव असता तर विचार केला असता. ताई, मी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस, हे इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग म्हणाले, बरं, तुझ्यातल्या चांगल्या गोष्टी सांग. मुंगी म्हणाली, तशा काही खास नाहीत. मी समाधानानं मान हलवली. पोरीवर संस्कार आहेत. आई म्हणायची ना, आपणच आपली स्तुती करणं म्हणजे आरशापुढे उभं राहून टाळ्या वाजवणं.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले, तुम्ही सांगा हिच्याबद्दल. आता तूच सांग ताई, परक्यानं आपल्या मुलीबद्दल विचारलं की आपल्या घरात काय करतात? दोन दोष सांगतात. मग परका म्हणतो, छे छे, फार गुणी आहे हो पोर, आणि आपण म्हणतो, तुमचं आपलं काहीतरीच. इतकी साधी देवाणघेवाण. तुला बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे आई सुद्धा तेच बोलली होती आणि तुझं झालं की नाही सुरळीत? तर मी म्हटलं, हाका मारल्याशिवाय उठत नाही, आणि ओला टॉवेल पलंगावर टाकते. एवढं बोलून मी 'छे छे'ची वाट पाहत थांबले. डॉक्टर 'छे छे' म्हणाले नाहीत. ताई, त्यांनी ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मुंगी म्हणाली, "आजी, टॉवेल कशाला काढलास?" मी म्हटलं, "अगं, रीत असते." ती म्हणाली, "ती रीत फक्त आपल्या घरात आहे." हा मला बसलेला सर्वांत मोठा धक्का. इतकी वर्षं मला वाटत होतं की सगळं जग असंच बोलतं आणि सगळं जग ते असंच समजतं.

दुसरं दार पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानाचं. दुकानदार अघळपघळ, हसतमुख. म्हणाला, हो हो, काम आहे की, आजपासून ये. आम्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मुंगीला मागे घेऊन गेला आणि मी फळ्यांवरच्या पिशव्या वाचत राहिले. थोड्या वेळानं खांद्यावर हात पडला म्हणून वळले, तर माझ्याएवढा उंच, दोन पायांवर उभा असलेला तपकिरी कुत्रा. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. मी खाद्याच्या पोत्यांच्या थप्पीवर होते आणि कुत्रा म्हणत होता, आजी, मी आहे, मी आहे. दुकानाबाहेर उभं राहून पत्रकं वाटायला त्यांना कुत्र्याच्या वेषातलं माणूस हवं होतं. म्हणजे प्राण्यांबरोबरचं काम नव्हतं, प्राणी होण्याचं होतं. मला उतरवायला दुकानदारानं शिडी आणली. मुंगीनं कुत्र्याचं डोकं काढून काउंटरवर ठेवलं, आभार मानले (संस्कार), आणि रस्त्याला लागल्यावर अगदी हलक्या आवाजात म्हणाली की पावत्या लावायचं काम तसं वाईट नाही, निदान बसून असतं. ताई, ती रडली असती तर मी समजूत काढली असती. ती शहाण्यासारखं बोलायला लागली, तिथे माझा धीर सुटला.

म्हणून शेवटचं दार. गावाबाहेर टायरांच्या गोदामामागे भटक्या कुत्र्यांचं निवारा केंद्र आहे. बसमधून उतरल्याबरोबर ऐकू येतं, शोधावं लागत नाही. जाळीचं फाटक, फिनेलचा वास, आणि गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेल्या, गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक बाई. माणसांशी बोलतानाही मध्येच शिट्टी वाजवतात. पहिल्यांदा वाजली तेव्हा मीच थांबले. त्यांनी मुंगीला अनुभव विचारला नाही, चांगल्या गोष्टी विचारल्या नाहीत. विचारलं, घाण काढशील का? मुंगी म्हणाली, काढीन. मी नाकाला रुमाल लावला आणि त्याच रुमालानं डोळेही पुसले. दोन्ही एकत्र होऊ शकतं हे या वयात कळलं.

एवढ्यात माझ्या लक्षात आलं की मुंगी उगाचच सरकत सरकत एका पाटीसमोर जाऊन उभी राहिली आहे, मला ती पाटी दिसू नये अशा बेतानं. पण माझं तू जाणतेस, जवळचं धूसर, लांबचं लख्ख. तिच्या डोक्यावरून मी ती पाटी वाचली. अठरा वर्षांखालील मुलांना पालक सोबत असल्यासच प्रवेश, आणि पालकांनीही पूर्ण वेळ काम करणे आवश्यक.

मुंगीनं माझा चेहरा पाहिला. म्हणाली, "राहू दे आजी, जाऊ या. बस येईल आता." माझा हात धरून ती वळलीसुद्धा. ताई, ज्या मुलीनं माझ्यापायी घरी साधं मांजर मागितलं नाही, ती मला त्या फाटकातून बाहेर काढत होती, आणि वर मलाच बसची काळजी करू नको म्हणत होती. आणि मग मी कुणाचा तरी आवाज ऐकला: एप्रन कुठे मिळतो? तो आवाज माझा होता. मला आधी कल्पना दिली असती तर मी तो अडवला असता.

तर उद्या सकाळी आमचा पहिला दिवस. एप्रन निळा आहे, पाठीवर मोठ्या अक्षरात 'स्वयंसेवक' लिहिलंय. सून पाहून थक्क झाली. चिरंजीव म्हणाले, आई, तू?

भाऊजींना नमस्कार. खांदा शेकत राहा म्हणावं.

तुझी,
बाकावरची धाकटी

ता. क. — खरं कारण आता लिहिते. ताई, माझ्या जागी तू ये. पाटीवर 'पालक' आहे, 'हीच आजी' असं नाही. थोरली आजी चालते का ते मी शिट्टीबाईंना विचारून घेतलं आहे, चालते. एप्रन तुला बसेल, पट्टे सैल करता येतात. कुत्र्यांचं आणि तुझं आधीपासून जमतं, पाव तू देत होतीस, मी नाही. भाऊजींचं जेवण शेजारणीकडे लावून दे आणि मिळेल त्या गाडीनं नीघ. तू पोचायच्या आत माझं काही बरंवाईट झालंच, तर शिवणाचं मशीन सुनेला, छत्री चिरंजीवांना (त्यांची कायम हरवलेली असते), शाळेत वक्तृत्वात मिळालेलं फाउंटन पेन मुंगीला, आणि आईची तपकिरी शाल तुला. तिच्यावर तुझा डोळा आहे हे मला आई होती तेव्हापासून ठाऊक आहे.

ता. क. दुसरा — गडबडीत पत्र पेटीत टाकायचं राहूनच गेलं, आणि मधल्या काळात बरंच घडलं, तेव्हा इथेच लिहिते. पहिल्या सकाळी मला शेवटच्या खोलीत पाठवलं. तिथे एक बाक आणि एक म्हातारा कुत्रा, एकच कान शाबूत, थोबाड पांढरं. त्याच्याशी रोज कुणीतरी बसून मोठ्यानं वाचायचं, म्हणजे त्याची माणसांची भीती जाते, हे माझं काम. त्यानं मला पाहिलं आणि भिंतीला चिकटून थरथरायला लागला. मी त्याला पाहिलं आणि बाकावर चढले. जाळीबाहेरून मुंगी म्हणाली, "आजी, बूट." ताई, तंतोतंत सिस्टर. मी बाकावरूनच वर्तमानपत्र वाचलं, शाळेतल्या स्वच्छ उच्चारांत. राजकारण त्याला सोसत नाही, कान पाडतो, हवामान आवडतं. अंदाज संपेपर्यंत तो बाकाखाली येऊन बसला होता, आणि मी वरून खाली बघत होते, आणि माझे पाय कधी खाली आले ते मला सांगता येणार नाही.

आणि ते दाढीवाले डॉक्टर आठवड्यातून एकदा तिथे कुत्र्यांना टोचायला येतात. मुंगी एक पिल्लू धरून उभी होती, असं घट्ट आणि असं मऊ, की सुई टोचलेली त्याला कळलीसुद्धा नाही. डॉक्टरांनी तिला ओळखलं आणि तेच विचारलं, अनुभव? ती म्हणाली, "आहे. काल सकाळपासून." मग ते माझ्याकडे वळले. मी आईची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि म्हटलं, मुलगी फार गुणी आहे हो. तेव्हा, ताई, ते म्हणाले, "छे छे, टॉवेलचं काय?" आणि हसले. सुट्टीभर दुपारी त्यांच्या दवाखान्यात ये म्हणालेत. घोड्याचा सांगाडा पुन्हा भिंतीवर लागलाय. लावायला शिडी चिरंजीवांनी धरली.

ता. क. तिसरा आणि शेवटचा — तर यायची घाई करू नकोस. आलीस तरी एप्रन मिळणार नाही, तो मला लागतो. वाटणीत थोडा बदल आहे, तेवढा नोंदवून ठेव. मशीन सुनेलाच. छत्री चिरंजीवांना नको, ती बसमधून उतरून केंद्रापर्यंत जायला मलाच लागते. पेन मुंगीला आत्ताच देऊन टाकलं. वाचून झालेली वर्तमानपत्रं इथे पाठवत जा, हवामानाचं पान आधी. शाल मात्र तुला आता मिळणार नाही. ती शेवटच्या खोलीतल्या बाकाखाली आहे, तो म्हातारा तिच्यावर झोपला आहे, आणि त्याला उठवायचं मला धाडस, म्हणजे, मन होत नाही.